वीस वर्षांचा वायदा

दिवाळीला यंदा आम्ही दिघाशीला ताईकडे गेलो होतो. फराळाची ताटे पुढे आली आणि दाजींनी खटलाच मांडला.

“प्रोफेसर, भाच्याला जरा समजवा. भिवंडीत माझे सहा यंत्रमाग आहेत आणि हे चिरंजीव म्हणतात, पदार्थविज्ञान शिकून पृथ्वीवर सूर्य पेटवीन!”

मी मराठीचा मास्तर. सूर्याशी माझा संबंध कवितेपुरता. पण मामा म्हटल्यावर पंच होणे आलेच.

भाच्याने ताटातले कडबोळे उचलले. “मामा, अशा पोकळ कड्यात हायड्रोजन दहा कोटी अंशांवर तापवायचा, म्हणजे त्याचे अणू एकत्र येऊन शक्ती देतात. इतका ताप कुठले भांडे सोसणार? म्हणून चुंबकाने तो अधांतरी धरायचा. चुंबक दुप्पट जोरदार केला, तर तेवढ्याच यंत्रातून सोळापट शक्ती मिळू शकते. म्हणजेच यंत्र लहान करता येते.”

जुन्या अतिसंवाहक चुंबकांना सुमारे उणे 269 अंशांची थंडी लागे. 1986 साली झुरिकजवळ बेडनोर्झ व म्युलर यांना नव्या जातीचे पदार्थ सापडले. पुढच्याच वर्षी त्यांतला एक उणे 181 अंशांच्या आसपासही विनाविरोध वीज वाहू लागला. याला शास्त्रज्ञ ‘उच्च तापमान’ म्हणतात! माझ्या पेपरात ते नापासच झाले असते. पण अशाच पदार्थाच्या फितींचा चुंबक 2021 साली अमेरिकेत 20 टेस्लापर्यंत पोचला.

“मग वीज केव्हा मिळणार?” दाजींनी नेमके विचारले.

मी खरे ते सांगितले. 1955 साली जिनीव्हाच्या परिषदेत अध्यक्षपदावरून आपल्या डॉ. होमी भाभांनी भाकीत केले होते, की वीस वर्षांत ही शक्ती माणसाच्या ताब्यात येईल. भाभा 1966 साली गेले, मुदत 1975 साली सरली. अजून त्या विजेवर एका घरातही दिवा लागलेला नाही.

दाजी हसले. पोराची मान खाली गेली. मला चुटपुट लागली; मी अर्धेच सांगितले होते.

“दाजी,” मी म्हटले, “भाभांचा हिशेब चुकला, पण त्यांनी मुंबईत उभ्या केलेल्या संस्थांतून पिढ्या शिकल्या. सूर्य नाही पेटला, तरी शिकलेला मुलगा काही वाया जात नाही. आणि भातशेती सोडून तुम्ही पहिला माग घेतलात, तेव्हा तुमच्या वडिलांनी कुठे वायदा मागितला होता?”

दाजी काही बोलले नाहीत. चहा संपवून उठता उठता मुलाला म्हणाले,

“त्या कॉलेजच्या अर्जाची फी किती रे?”