अंजीर : बी की फांदी?

नगर जिल्ह्यात दुकानाबरोबर थोडी शेती राखणारी आपली अनेक घरे आहेत. अशा घरांत अंजिराची बाग करण्याचा विचार निघाला की एक स्वस्त उपाय सुचतो : दुकानातील सुक्या अंजिराच्या बिया धुऊन पेराव्यात. सुज्ञ वाचकांनी हा मार्ग टाळावा. त्याचे कारण आपल्या आहारनियमाच्याही जवळचे आहे.

अंजिराची फुले फळाच्या आत असतात. तुर्कस्तानातील स्मिर्ना प्रकारात एक चिमुकली माशी आत शिरते व परागण घडविते, तेव्हाच फळ टिकते. त्याचे बी उगवू शकते. परंतु रोपांपैकी सुमारे निम्मी नर निघतात. उरलेल्या झाडांची फळे, ती माशी येथे नसल्याने, बहुधा गळून पडतात. हे कळेपर्यंत काही वर्षे व पाणी वाया गेलेले असते.

पुणे जिल्ह्यातील पुरंदरचे अंजीर निराळे आहे. त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते परागणाविना पोसते, म्हणून त्यातील बी पोकळ असते व रुजत नाही. त्याची वाढ कलमानेच करावी लागते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘फुले राजेवाडी’ हे वाणही उपलब्ध आहे.

थंडी सरताना निरोगी झाडाची वर्षभराची, पेन्सिलीहून किंचित जाड काडी घ्यावी. लांबी २० ते २५ सेंटीमीटर असावी, डोळे चार-पाच असावेत व खालचा काप डोळ्याच्या लगत घ्यावा. वाळूमिश्रित मातीच्या पिशवीत दोन तृतीयांश काडी पुरावी. आपल्याकडील उष्म्यात पालवी आधी फुटते, मुळे मागाहून येतात. पालवीला भुलून पिशवी उन्हात ठेवल्यास काडी वाळते. यास्तव उन्हाळाभर सावलीची जाळी ठेवावी. ओल असावी, चिखल नसावा. पावसाळ्यात रोपे निचऱ्याच्या मुरमाड जमिनीत लावावीत. काळ्या रानात पाणी साचून मुळे कुजतात.

आता मूळ प्रश्न. वड, पिंपळ, उंबर आदी पाच उदुंबर फळांचा त्याग शास्त्रकारांनी त्यांतील त्रस जीवांच्या रक्षणासाठी सांगितला. अंजीर त्याच कुळातले असल्याने अनेक घरांत वर्ज्य आहे. पुरंदरच्या फळाला माशी लागत नाही, एवढ्यावरून ते भक्ष्य ठरत नाही. नियम घेतलेल्यांनी लागवडीपूर्वीच गुरुमहाराजांना विचारावे. व्यापाऱ्याचे कर्तव्य मात्र स्पष्ट आहे : कोणते अंजीर कोठले व ते कसे पिकते, हे विचारणाऱ्या गिऱ्हाइकास खरे सांगावे.