हुकूम हाती आला, पोटगी कुठे आहे?

पोटगीचा दावा जिंकला म्हणून पेढे घेऊन आलेली बाई वर्षभरात पुन्हा केंद्राच्या पायऱ्या चढते, हे सल्ला केंद्रात बसणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकीला ठाऊक आहे. कोर्टाच्या हुकमाची नक्कल प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली असते. पैसे दोन महिने आले, मग थांबले.

पोटगीसाठी आपण पुष्कळ लढलो. 1988 साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली, टाकलेल्या बायकांचा प्रश्न चव्हाट्यावर आला. 1973 च्या फौजदारी संहितेतल्या कलम 125 मध्ये पोटगीला महिना 500 रुपयांची कमाल मर्यादा होती. ती 2001 साली उठली. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2020 मध्ये सांगितले की दोघांनीही मिळकतीचे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी. जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हेच कलम 144 झाले. त्याच महिन्यात, घटस्फोटित मुसलमान बाईलाही या सर्वसाधारण कायद्याने पोटगी मागता येते, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

पण हे सगळे हुकूम मिळेपर्यंतचे झाले. त्यानंतरचे काय?

नवऱ्याने पैसे थकवले की वसुलीचा अर्ज बाईनेच करायचा. रक्कम देणे झाल्यापासून एक वर्षाच्या आत केला नाही, तर त्या महिन्यांसाठी या कलमाखाली वॉरंट निघत नाही. वॉरंट निघाले की ते पोलिस ठाण्यात जाते आणि शेरा मारून परत येते, ‘सदर इसम पत्त्यावर मिळून आला नाही.’ इसम गावातच असतो, संध्याकाळी पारावर दिसतो! मग बाईनेच त्याचा ठावठिकाणा काढायचा, हवालदाराला रिक्षाने घेऊन जायचे, मजुरी बुडवून पुढच्या तारखेला हजर राहायचे.

थकलेल्या प्रत्येक महिन्यापोटी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगून देणे फिटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1988 सालीच म्हटले आहे. तरी गावात बोल लागतो तो बाईलाच. “नवऱ्याला आत घातलं हिनं.” सासू नातवंडांची शपथ घालते, भाऊ म्हणतो सोडून दे आता. अशा वेळी कितीजणी अर्ज मागे घेतात, हे आपण पाहतो. आणि वर ऐकायचे की बायका पोटगीवर चैन करतात!

माझे म्हणणे असे की वसुली हे बाईचे काम असताच कामा नये. हुकूम सरकारच्या न्यायालयाचा आहे, तो मोडला तर सरकारने पाहावे. नोकरदार नवऱ्यापुरता मार्ग कायद्यात आहेच. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या कलम 20 खाली मॅजिस्ट्रेट मालकाला पगारातून थेट रक्कम भरायला सांगू शकतात. आपले वकील अर्जात ही मागणीच लिहीत नाहीत, ती लिहून घ्या. शेती, धंदा, रोजंदारी करणाऱ्यांचे काय? तिथे सरकारने बाईला आधी पैसे द्यावेत आणि शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखे त्याच्याकडून वसूल करावेत. मुलांच्या पोटगीपुरती अशी सोय जर्मनीत 1980 पासून आहे. ‘तिजोरीवर भार’ हे उत्तर येईल. आज तो भार बाईच्या माहेरावर आणि तिच्या अर्धपोटी मुलांवर आहे, म्हणून कुणाला दिसत नाही इतकेच.

मागणी करायची तर पुरावा हवा. प्रत्येक गटाने एक वही घालावी: पोटगीचे हुकूम किती, किती महिने थकले, वॉरंट कितीदा आणि कोणत्या शेऱ्याने परत आले, वर्षाची मुदत कधी संपते. मुदतीच्या दोन महिने आधी त्या बाईला निरोप पाठवावा. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे न्यावे. तिथे बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना ती वहीही बरोबर न्यावी आणि परत आलेल्या वॉरंटांचा जाब पोलिसांना विचारा, असे तिथे लेखी मागावे.