बाटलीआधी पाणी तपासा



मुलांच्या शाळा सुरू व्हायच्या वेळी कोलकात्यातल्या मराठी घरांत पाण्याच्या नव्या बाटल्या येतात. प्लास्टिकची घ्यावी की स्टीलची, तांब्याची बरी का, अशी चौकशी आपण एकमेकांकडे करतो. ती करायलाच हवी. पण या शहरात त्याच्याही आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. त्या बाटलीत आपण भरतो ते पाणी कुठून येते?

१९८३ साली इथल्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे दक्षिण चोवीस परगण्यातल्या बारुईपूर भागातून रुग्ण आला. त्याच्या कातडीवरच्या खुणा आर्सेनिकच्या विषबाधेच्या होत्या आणि विष आले होते पिण्याच्या पाण्यातून. पुढे जादवपूर विद्यापीठाचे डॉ. दीपंकर चक्रवर्ती यांनी आयुष्याची तीन दशके या एकाच कामाला दिली. त्यांच्या गटाने कोलकाता महापालिकेच्या तेव्हाच्या सर्व १४१ वॉर्डांतले कूपनलिकांच्या पाण्याचे चार हजारांहून अधिक नमुने तपासले. त्यांतल्या सुमारे १४ टक्के नमुन्यांत आर्सेनिक लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या वर निघाले. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा तेवढीच आहे, आणि भारतीय मानकही तेच सांगते. शहराच्या उत्तर भागापेक्षा दक्षिण भागात हे प्रमाण जास्त होते.

हे आर्सेनिक जमिनीतच आहे. हिमालयातून नद्यांनी आणलेल्या गाळात ते लोहाच्या कणांना चिकटलेले असते. भूगर्भात प्राणवायू कमी पडला की ते सुटून पाण्यात उतरते. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी नितळ दिसते म्हणून ते निर्धोक ठरत नाही. वर्षानुवर्षे असे पाणी पोटात गेले की छाती-पाठीवर काळे-पांढरे ठिपके उठतात, तळहात आणि तळपाय खडबडीत होतात, आणि पुढे त्वचेचा, फुप्फुसाचा, मूत्राशयाचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो.

पाणी उकळले की सगळे दोष जातात, ही आपल्या घरातली जुनी समजूत आहे. उकळल्याने जंतू मरतात हे खरेच. पण आर्सेनिक जात नाही. उलट वाफ उडून पाणी आटते आणि उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडून आलेल्या मंडळींनी गावाकडे फ्लोराइडचे पाणी पाहिले असेल. तेही उकळून सुधारत नाही. साधा कँडल फिल्टर किंवा नुसता अल्ट्राव्हायोलेटचा दिवा असलेले यंत्रही इथे उपयोगाचे नाही.

म्हणून पहिले काम हे करा. तुमच्या घरात पिण्यासाठी पालिकेचे पाणी येते की इमारतीच्या बोअरचे, हे नक्की विचारा. पलता आणि गार्डन रीच इथले पालिकेचे पाणी हुगळीतून उचलून, शुद्ध करून येते, आणि आर्सेनिकच्या दृष्टीने ते बोअरपेक्षा सुरक्षित आहे. पण अनेक इमारतींत पालिकेचे पाणी कमी पडले की बोअरचे पाणी त्याच टाकीत सोडतात. सोसायटीच्या बैठकीत हा विषय काढा. पिण्याच्या पाण्याची वाट वेगळी ठेवता येत असेल तर ठेवा. बोअरचेच पाणी प्यावे लागत असेल तर एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत खास आर्सेनिकची चाचणी सांगून करून घ्या. नेहमीच्या चाचणीत ती असेलच असे नाही. आर्सेनिक निघाले तर आरओ यंत्र बऱ्याच अंशी उपयोगी पडते. तरी यंत्रातून आलेले पाणी पुन्हा तपासा, आणि त्याचे टाकाऊ पाणी स्वयंपाकाला वापरू नका. डाळ-भातही याच पाण्यात शिजतो, हे विसरू नका.

आता बाटलीकडे या.

काचेसारखी पारदर्शक, कडक प्लास्टिकची बाटली किंवा मोठा जार पॉलिकार्बोनेटचा असू शकतो. त्याच्या तळाशी त्रिकोणात बहुधा ७ हा आकडा असतो, पण तो आकडा इतर प्लास्टिकवरही असतो. पॉलिकार्बोनेटमधून बिस्फेनॉल ए हे रसायन पाण्यात उतरते, आणि पाणी गरम असेल तर जास्त उतरते. शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ते ढवळाढवळ करते. म्हणूनच भारतात तान्ह्या मुलांच्या दुधाच्या बाटल्यांत त्याला बंदी आहे. ‘बीपीए फ्री’ लिहिलेल्या काही बाटल्यांत त्याचीच भावंडे, म्हणजे बिस्फेनॉल एस वगैरे, वापरलेली असतात. तेव्हा साधा नियम पाळा: प्लास्टिकमध्ये उकळते पाणी भरायचे नाही, आणि भरलेली बाटली उन्हात किंवा बंद गाडीत ठेवायची नाही. विकतच्या पाण्याची, १ आकड्याची पातळ बाटली महिनोन्महिने भरून वापरू नका. चरे पडलेल्या बाटलीत जंतू घर करतात. प्लास्टिकच हवे असेल तर ५ आकड्याची, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची, त्यातल्या त्यात बरी.

रोजच्या वापराला स्टीलची बाटली उत्तम. आयएसआय चिन्ह आणि आयएस १७८०३ हा मानक क्रमांक पाहून घ्या. स्टीलच्या काही थर्मासच्या तळाशी हवा काढून घेतलेली जागा शिशाच्या डाखाने बंद केलेली असते. ती झाकणीखाली असते तोवर पाण्याशी तिचा संबंध येत नाही. तळाची झाकणी निघाली तर तो थर्मास वापरातून काढा, लहान मुलांच्या हाती तर मुळीच देऊ नका. ॲल्युमिनियमच्या बाटलीचा आतला थर खरवडला गेला असेल तर ती टाकून द्या. तांब्याच्या बाटलीत फक्त साधे पाणी ठेवा. लिंबू सरबत, ताक, इथले आमपोडा सरबत असे काहीही आंबट तिच्यात ओतू नका. आंबटाने तांबे सुटते आणि मळमळ, उलट्या होतात.

शेवटचा शब्द सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यातल्या, सांगली-साताऱ्याकडून बडाबाजार, बऊबाजारात आलेल्या बंधूंसाठी. दुकानातले तेजाब कधीही पाण्याच्या बाटलीत ओतू नका, थोडा वेळसुद्धा नाही. तेजाबाची रिकामी बाटली कितीही धुतली तरी तिच्यात पाणी भरू नका. जिथे भट्टी चालते आणि तेजाबाचा धूर निघतो, तिथे पिण्याचे पाणी ठेवू नका. मालकांनी कारागिरांसाठी पाण्याची वेगळी जागा करावी आणि तेजाबाच्या प्रत्येक भांड्यावर मराठीत व बंगालीत ठळक अक्षरांत नाव लिहावे.

यातली बहुतेक कामे बिनखर्चाची आहेत. पाण्याच्या तपासणीला पैसे लागतात, पण इमारतीतल्या घरांनी मिळून वाटून घेतले तर ते कुणाला जड जाणार नाहीत. या आठवड्यात एवढे करा: आपल्या टाकीत कोणते पाणी येते ते विचारा, आणि बोअरचे येत असेल तर नमुना तपासायला द्या. नवी बाटली त्यानंतर घ्या.