नेम आणि आकडा

वर्षारंभी बावन्न पुस्तकांचा संकल्प सोडावा, डिसेंबरात पुऱ्या झालेल्या पुस्तकांची यादी मिरवावी, आणि मधल्या काळात आपण सुधारत आहोत असे मानावे, हा प्रघात आता साहित्याच्या विद्यार्थ्यांत आणि अध्यापकांतही चांगलाच रुजला आहे. रोज हजार शब्द, महिन्याला चार पुस्तके, पहाटे उठून वीस पाने. या प्रघाताविरुद्ध आम्हांला लिहायचे आहे. आणि लिहिण्यापूर्वी हेही कबूल करायचे आहे की आम्ही त्याचे बाहेरचे टीकाकार नाही. आम्ही त्यातलेच.

आमच्याकडे एक वही आहे. एका वर्षात तिच्यात आम्ही ४७ नोंदी केल्या: पुस्तकाचे नाव, लेखक, पृष्ठसंख्या, संपवल्याची तारीख. पुढच्या दिवाळीत ती सहज उघडली, तेव्हा त्यांतल्या ११ पुस्तकांविषयी आम्हांला पृष्ठसंख्येपलीकडे काही सांगता येईना. एका कादंबरीच्या नोंदीपुढे ‘उत्तम’ असा शेरा होता. तिच्यात कोण मेले आणि कोण उरले, हेही आठवत नव्हते. लाज वाटावी अशी गोष्ट पुढेच आहे: तीच कादंबरी आम्ही विद्यार्थ्यांना अगत्याने वाचायला सांगितली होती. आम्ही वाचल्याचा पुरावा वहीत शाबूत होता आणि वाचलेले मात्र कुठेच नव्हते.

हे विचार आम्हांला सोनगीरमध्ये सुचले, म्हणून त्या गावाविषयी दोन शब्द. धुळ्याहून शिरपूरकडे जाताना मुंबई-आग्रा महामार्गावर हे गाव लागते. वर किल्ला, खाली वस्ती, आणि वस्तीची जुनी ओळख तांब्या-पितळेच्या भांड्यांची. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरनेही इथल्या भांड्यांची आणि घोंगड्यांची दखल घेतली आहे. तांबट पत्र्यावर ठोके घालतो तेव्हा ठोके मोजत बसत नाही. पत्रा कुठे उचलला, कुठे बसला, ते पाहतो. मोजदाद त्याच्याही धंद्यात आहेच. भांडे वजनावर विकले जाते, वर घडणावळ लागते. पण ती मोजदाद भांडे पुरे झाल्यावर, गिऱ्हाईक समोर आल्यावर होते. वाचनलेखनाच्या व्यवहारात आम्ही तराजू थेट ऐरणीवर आणून ठेवला आहे, हा आमचा आक्षेप.

रोज काहीतरी लिहावे आणि वाचत राहावे, हा उपदेश आपल्याला शाळेच्या भिंतीवरच भेटतो, आणि तो समर्थ रामदासांच्या नावाने सांगितला जातो. आकड्यांचे पुरस्कर्ते आज त्याचाच आधार घेतात. त्यांनी दासबोधाचा एकोणिसावा दशक उघडून पाहावा. त्याचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षराचे वळण, ओळींमधले अंतर, कागदाच्या कडेला सोडायची जागा, लेखण्या, शाई यांचा तो इतका बारकाईने विचार करतो की आजच्या वाचकाला नवल वाटावे. ग्रंथाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत हात एकसारखा राहावा. तरुणपणी हौसेने काढलेले बारीक अक्षर म्हातारपणी उपयोगी पडत नाही, म्हणून मध्यम अक्षर काढावे. किती लिहावे, हा प्रश्न तिथे महत्त्वाचा नाही. कसे लिहावे, आणि उद्या ते वाचणाऱ्याच्या डोळ्यांना काय सोसावे लागेल, हा प्रश्न आहे.

सोनगीरहून वीसेक किलोमीटरवर धुळ्याला समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी परंपरेतली हस्तलिखिते आहेत. शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून हिंडून ती जमवली. समर्थांनी स्वहस्ते उतरून काढले असे मानले जाणारे वाल्मीकिरामायण त्यांतच आहे. आजच्या हिशेबात या नकलेची किंमत काय? स्वतःचे शब्द शून्य. नवे पुस्तकही नाही, कारण रामायण आधीच ठाऊक होते. आणि तरीही एका ग्रंथाशी इतका दीर्घ सहवास आम्हां आकडेबहाद्दरांपैकी कोणाच्या वाट्याला आला आहे?

नेम आणि आकडा यांतला भेद आम्हांला इथे दिसतो. नेमालाही रोजची वेळ असते, शिस्त असते, चुकला तर चुटपुट लागते. पण नेम कशाशी तरी किंवा कोणाशी तरी बांधलेला असतो: एखाद्या ग्रंथाशी, एखाद्या कामाशी, ऐकणाऱ्या चार माणसांशी. आकडा फक्त स्वतःशी बांधलेला असतो. गावात श्रावणात पोथी लागते, तेव्हा एक जण वाचतो आणि दहा जण ऐकतात. श्रीधरांचा ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ गेल्या वर्षी झाला म्हणून यंदा वर्ज्य ठरत नाही. उलट, ऐकणाऱ्याला कथा ठाऊक असते म्हणूनच वाचणाऱ्याची चूक तो पकडतो. आमच्या वहीत पुनर्वाचनाला रकानाच नव्हता.

खानदेशाकडे नेमाचे याहून जवळचे उदाहरण आहे. साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. तिथल्या छात्रालयातल्या मुलांसाठी ते हाताने लिहिलेले दैनिक काढत. दैनिक म्हणजे रोजचे लेखन आलेच. आजच्या भाषेत त्याला लेखनाचे दैनंदिन उद्दिष्ट म्हणता येईल, पण ते म्हणताच त्यातला प्राण निघून जातो. ते लेखन गुरुजींच्या आत्मविकासासाठी नव्हते; सकाळी उठून ते वाचणाऱ्या मुलांसाठी होते. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले, आणि ती १८ प्रवचने गुरुजींनी लिहून घेतली. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आज आपल्या हाती आहे ते एका लेखकाने दुसऱ्याचे बोलणे टिपण्यात स्वतःचे रविवार घातले म्हणून. त्यानंतर वर्षभरात, १९३३ च्या फेब्रुवारीत, त्याच माणसाने नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ पाच दिवसांत लिहिली. पाच दिवसांचा हा वेग सांगून लोक थक्क होतात. अमळनेरच्या दैनिकाची आणि धुळ्याच्या रविवारांची गोष्ट मात्र त्या वेगाबरोबर सांगितली जात नाही.

बहिणाबाई चौधरींचे नाव घेतल्याशिवाय खानदेशातला कोणताही वाङ्मयीन वाद पुरा होत नाही. आम्ही ते जपून घेतो, कारण त्यांच्या निरक्षरतेचे कौतुक करण्याची एक वाईट खोड आपल्याला लागली आहे. १८८० साली आसोद्याला जन्मलेल्या या बाईंना लिहितावाचता आले नाही, ही त्यांची थोरवी नव्हे. तो त्यांच्यावर झालेला अन्याय आहे. त्यांची गाणी उरली ती मुलगा सोपानदेव आणि एक आप्त यांनी ती टिपून ठेवली म्हणून. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह, ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. साहित्याच्या विद्यार्थ्याने यातून घ्यायचा धडा ‘अभ्यासाविना प्रतिभा’ हा नाही. लिहिता येणाऱ्याने लिहिता न येणाऱ्यासाठी लेखणी उचलली, हा आहे. आज खानदेशात अहिराणी बोलणाऱ्या किती आज्या ओव्या आणि म्हणी घेऊन बसल्या आहेत! त्यांच्याजवळ घालवलेली दुपार कोणाच्याही वार्षिक यादीत मोजली जात नाही, म्हणून ती घालवली जात नाही.

हा दोष केवळ व्यक्तींचा असता तर आम्ही इतके शब्द खर्चले नसते. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीने अध्यापकांच्या कामाला गुणांक लावले आणि आमच्या पिढीला लेख मोजायला शिकवले. लेखाला इतके गुण, पुस्तकाला इतके, चर्चासत्राला इतके. मग नियतकालिकांची मान्यताप्राप्त यादी आली. २०२५ साली आयोगाने ती बंदही केली. याद्या येतात आणि जातात, पण त्यांनी लावलेली सवय जात नाही. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचे नाव मिळाले याचा आम्हांला आनंदच आहे. परंतु एकही ओळ स्वतःच्या हाताने न लिहिलेल्या कवयित्रीवर किती शोधनिबंध लिहिले की किती गुण होतात, हे तोंडपाठ असणारे आम्हीच आहोत. शाळांमध्ये २०१५ पासून १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. त्यामागचा हेतू चांगला आहे. पण हातात पुस्तक धरलेल्या मुलांचे छायाचित्र हीच जर त्या दिवसाची परिणती असेल, तर मुले तेच शिकतील जे आम्ही शिकलो: वाचणे म्हणजे वाचल्याचा दाखला तयार करणे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की थोर लेखकांनीही आकडे ठेवले. ठेवले, हे खरे. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहीत असे, आणि त्याच्या मृत्यूनंतर १८८३ साली निघालेल्या आत्मचरित्रात त्याने ते न लाजता सांगितले आहे. परंतु ट्रॉलप टपालखात्याची नोकरी सांभाळून प्रकाशकाला कबूल केलेली कादंबरी पुरी करत होता. त्याचा आकडा म्हणजे दुसऱ्याला दिलेल्या शब्दाचा हिशेब होता. आत्मसुधारणेचा आद्य पुरस्कर्ता म्हणून ज्याचे नाव घेतात त्या बेंजामिन फ्रँकलिननेही तेरा सद्गुणांचा तक्ता करून वही ठेवली होती. पण त्या वहीत तो आपले दोष टिपत असे. चुकलेल्या दिवशी काळा ठिपका पडे. आमच्या वह्यांत काळ्या ठिपक्याची सोय नाही. जे पुस्तक कळले नाही, जे अर्ध्यात सोडले, जे वाचून आपले मत डळमळले, त्याची नोंद आम्ही करत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो आम्हांला एका विद्यार्थिनीने ऐकवला. ती म्हणाली, “सर, तुमच्या घरात पुस्तके होती, म्हणून तुम्हांला आकडा नको वाटतो. आमच्या घरात पहिले पुस्तक मीच आणले. वीस पुस्तके वाचली असे मला म्हणता येते, तेव्हा मला कोणीतरी झाल्यासारखे वाटते.” याला आमच्याजवळ चटकन उत्तर नव्हते. आजही पुरते नाही. पहिल्या वीस पुस्तकांचा अभिमान तिच्याकडून हिरावून घेण्याचा आम्हांला अधिकार नाही. पण तिच्याच आयुष्याकडे पाहून आम्हांला वाटते की हा आकडा शेवटी तिच्यावरच उलटतो. दिवाळीच्या सुटीत ती कापूस वेचायला जाते. त्या महिन्यात तिची यादी पुढे सरकत नाही, आणि आत्मसुधारणेचे शास्त्र तिला सांगते की तुझी शिस्त कमी पडली. गावच्या वाचनालयात हवे ते पुस्तक नसणे, ग्रंथपालाला पुरेसे वेतन नसणे, संध्याकाळी वाचायला जागा नसणे, या सगळ्या सार्वजनिक उणिवा त्या एका मुलीच्या खाजगी आळसाच्या खात्यावर टाकल्या जातात. आकड्याच्या या निष्ठुरपणाविरुद्ध आमची तक्रार आहे. त्याच महिन्यात तिने कापसाच्या वावरात ऐकलेली चार गाणी वहीत उतरवली असती, तर तो साहित्याचा अभ्यासच ठरला असता. पण तसे तिला आम्ही कधी सांगितलेच नाही.

मग करावे काय? आमच्यापुरता आम्ही एक नेम धरला आहे, आणि तो सांगतो तो कोणी त्याचे अनुकरण करावे म्हणून नव्हे. चुकलो तर विचारणारे कोणी असावे म्हणून. सहामाहीत एक ग्रंथ, तोही विद्यार्थ्यांसह, मोठ्याने आणि पुन्हा पुन्हा. रोज त्यातले एक पान हाताने उतरून काढायचे. जे कळले नाही ते वहीच्या उजव्या पानावर लिहायचे; ते पान कोरे राहिले तर आपण वाचले नाही असे समजायचे. आणि महिन्यातून एक दिवस धुळ्याला जाऊन मोडीची अक्षरे गिरवायची.

हे शेवटचे कलम आम्ही मुद्दाम घातले आहे. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. गावोगावची दप्तरे धुंडाळून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड सिद्ध केले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यातच आहे. महाराष्ट्रभर मोडीतले असंख्य कागद अजून वाचणाऱ्याची वाट पाहत पडून आहेत, आणि मराठीत एम. ए. झालेल्या आमच्यासारख्यांना त्यांतली एक ओळ लागत नाही. या वयात मोडी शिकायची म्हणजे एका पानाला एक दुपार जाते. पहिल्या दुपारी आम्हांला तीनच ओळी लागल्या, त्यांतलीही एक चुकली होती; शेजारी बसलेल्या त्याच विद्यार्थिनीने ती दुरुस्त केली. त्या दिवशी वहीत पृष्ठसंख्या लिहिण्यासारखे काही नव्हते. उजव्या पानावर मात्र जागा उरली नाही.