लाईट गेली, नेट का जावं?

परवा सबमिशनच्या आदल्या रात्री लाईट गेली. लॅपटॉपला बॅटरी, होस्टेलच्या स्विचला इन्व्हर्टर, सर्व्हर रूमला यूपीएस. तरी नेट बंद! कारण मध्ये बसवलेला फिल्टरचा डबा. त्याच्या छोट्या यूपीएसच्या बॅटऱ्या कधीच मेल्यात. बदला म्हणाल, तर दोन-तीन वर्षांनी पुन्हा तेच.

त्यापेक्षा बायपास रिले बसवा. वीज असेपर्यंत ट्रॅफिक डब्यातून जातं. वीज गेली की रिलेतली स्प्रिंग दोन्ही बाजूंच्या वायरी सरळ जोडून टाकते. त्यासाठी वीज लागतच नाही. फक्त दोन्हीकडची केबल मिळून १०० मीटरच्या आत हवी (आपले कॉरिडॉर बघता टेप घेऊन मोजाच) आणि डबा ब्रिज मोडमध्ये हवा. राउटिंगही तोच करत असेल, तर उपयोग शून्य.

सर म्हणतात, "तेवढ्यात पोरं काहीही बघतील." बघतील की! पण बाहेरची फायरवॉल वेगळी आहे. तिला बायपास लावा असं मी म्हणतच नाही. ती बंद पडली तर दार बंदच राहिलेलं बरं. फिल्टर अर्धा तास नसला तर असं काय बिघडतं? त्या रात्री आमच्या विंगमधल्या तिघांची असाइनमेंट अपलोड झाली नाही, आणि मार्क त्यांचे कापले गेले.