मधुमेहाची गोळी आणि यकृत

गेल्या महिन्यांत आमच्या धाकट्या बंधूंनीं मधुमेहावरील मेटफॉर्मिनची गोळी परस्पर बंद केली. “रोज औषध घेऊन यकृत जळून जाईल,” असें कोणीं तरी त्यांच्या मनांत भरविलें होतें. पुष्कळ वाचकांच्या घरींहि ही शंका निघत असेल. म्हणून तिचाच थोडा विचार करूं.

युरोपांतील गालेगा नांवाच्या वनस्पतींतल्या द्रव्याशीं या औषधाचें नातें आहे. १९२२ सालीं डब्लिन येथें वर्नर व बेल यांनीं तें प्रथम तयार केलें. १९५७ सालीं पॅरिसचे डॉक्टर स्टर्न यांनीं तें मधुमेह्यांस देऊन आलेला अनुभव प्रसिद्ध केला. त्याचें मुख्य कार्यस्थान यकृतच होय. यकृत रक्तांत जी साखर सोडतें, तिला तें आळा घालतें.

आतां जळण्याविषयीं. पेशींतील तंतुकणिका या जणूं लहान चुली. प्राणवायूच्या साहाय्यानें अन्नांतून शक्ति काढतांना त्यांतून कांहीं ठिणग्या उडतात. लोखंडास जसा गंज, तसा या ठिणग्यांनीं पेशींतील स्निग्ध द्रव्यांस व प्रथिनांस क्षय लागतो. यकृतांत मेद सांचला म्हणजे हा उपद्रव वाढतो. मेटफॉर्मिन चुलीची आंच किंचित् मंद करतें, तेव्हां ठिणग्याहि कमी उडतात. विषारी द्रव्यें देऊन यकृत दुखावलेल्या उंदरांना या औषधानें कमी अपाय झाल्याचें प्रयोगांत दिसलें आहे. म्हणजे जाळणारें म्हणून ज्याचें भय, तेंच राखणारें असण्याचा संभव अधिक!

परंतु उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे. अमेरिकेंत मेदयुक्त यकृताच्या मुलांवर झालेल्या आणि २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या परीक्षेंत, यकृताचा दाह दाखविणारें रक्तांतील प्रमाण उतरविण्यांत मेटफॉर्मिन नकली गोळीहून सरस ठरलें नाहीं. म्हणून केवळ यकृताचें औषध म्हणून तें कोणीं घेऊं नये. मूत्रपिंडें वा यकृत फारच निकामी झालें असेल, किंवा मद्यपान अतिशय असेल, तर रक्तांत आम्ल सांचून जिवावर बेतण्याचें भय असतें.

बंधूंस मीं म्हटलें, “बाबा रे, शंका शेजाऱ्याला नव्हे, डॉक्टरांना विचारावी.” तपासणींत त्यांचें यकृत व मूत्रपिंडें ठीक निघालीं, साखर मात्र बरीच चढलेली होती. गोळी पुन्हां सुरू झाली आहे. भीतीनें औषध सोडणें आणि लोभानें घेणें, हीं दोन्हीं अविचाराचींच लक्षणें होत.