गोलांचा हिशेब आणि व्यूहाचा वाटा

आघाडीच्या खेळाडूचा गोलांचा ओघ आटला, की सारा दोष त्याच्या पायांना दिला जातो. प्रेक्षक हुर्यो उडवितात, वृत्तपत्रे त्याचा आत्मविश्वास ढळल्याचे निदान करतात आणि क्लबाचे चालक नव्या खेळाडूच्या शोधास लागतात. परंतु गोल हे एकट्या माणसाचे उत्पादन आहे काय, हा मूळ प्रश्न क्वचितच विचारला जातो.

फ्रान्सच्या ऑलिव्हिए जिरूचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. २०१८ मध्ये फ्रान्सने विश्वचषक जिंकला, तेव्हा जिरूच्या नावावर एकही गोल नव्हता; त्याचा एकही फटका गोलाच्या चौकटीच्या रोखाने गेला नव्हता. तरीही प्रशिक्षक दिदिए देशाँ यांनी त्याला वगळले नाही. उंचावरून आलेला चेंडू अंगावर घेऊन साथीदारांकडे वळविणे आणि प्रतिपक्षाच्या बचावपटूंना स्वतःभोवती गुंतवून ठेवणे, हे काम त्यांनी जिरूकडे सोपविले होते. त्यातून मोकळ्या झालेल्या जागेचा लाभ ग्रीझमान व एम्बापे यांना मिळाला. दोघांनी प्रत्येकी ४ गोल केले. पुढे २०२२ च्या स्पर्धेत, त्याच प्रशिक्षकाच्या हाताखाली, ३६ वर्षांच्या जिरूने ४ गोल केले आणि तिएरी ऑन्रीचा ५१ गोलांचा राष्ट्रीय विक्रम मागे टाकला. या वयात त्याचे कौशल्य एकाएकी वाढले, असे म्हणवत नाही. बदलली होती ती रचना: ग्रीझमान आता मागे राहून चेंडू पुरवीत होता.

फर्नांदो तोरेसची कहाणी याच्या उलट आहे. लिव्हरपूलमध्ये राफाएल बेनीतेझ यांनी त्याला एकट्याला आघाडीवर ठेवले व पाठीशी स्टीव्हन जेरार्डला उभे केले. बचावफळीच्या मागे सोडलेला चेंडू धावत गाठणे ही तोरेसची खरी शक्ती होती. २००७-०८ या पहिल्याच हंगामात त्याने लीगमध्ये २४ गोल केले. जानेवारी २०११ मध्ये चेल्सीने ५ कोटी पौंड मोजून त्याला घेतले. ब्रिटनमध्ये तोवर एवढी किंमत कोणालाही मिळाली नव्हती. त्या हंगामाच्या उर्वरित १४ लीग सामन्यांत त्याने केवळ १ गोल केला. चेल्सीपुढे प्रतिपक्ष बहुधा आपल्या गोलाजवळ दाटी करून उभे राहत. मग धावण्यास मोकळी जागा उरणार कोठून?

अर्थात सर्वच गोष्टी व्यूहाच्या माथी मारणे योग्य नव्हे. तोरेसच्या गुडघ्यावर २०१० मध्ये शस्त्रक्रिया झाली होती. पुढे बेनीतेझ स्वतः चेल्सीत आले, त्या २०१२-१३ च्या हंगामात तोरेसने सर्व स्पर्धांत मिळून २२ गोल केले, युरोपा लीगच्या अंतिम सामन्यातही एक केला. पण लिव्हरपूलमधील ती धार काही परतली नाही. शरीराची झीज कोणतीही योजना भरून काढू शकत नाही.

तरीही अर्थशास्त्राचा एक साधा धडा येथे लागू पडतो. अनेकांच्या श्रमातून निघणाऱ्या उत्पादनात एकाचा वाटा वेगळा काढणे कठीण असते. सूतच वेळेवर न पोहोचल्यास मागावरच्या कामगाराला बोल लावण्यात अर्थ नसतो. क्लब खेळाडू विकत घेतात; ज्या रचनेत त्याने गोल केले, ती रचना जुन्या मैदानावरच राहते. किंमत मात्र दोहोंची मिळून मोजली जाते. ही चूक चालकांची असते आणि तिची शिक्षा भर मैदानात खेळाडू भोगतो. आघाडीवीराला नालायक ठरविण्यापूर्वी त्याच्याकडे चेंडू कोठून, कसा आणि किती वेळा आला, एवढे तरी पाहिले जावे.